चप्पल चालेपर्यंत

लहानपणी टेंभुर्णीत दैवशालाला सगळे भित्री भागूबाई म्हणत. विहिरीच्या काठाला ती कधी गेली नाही. बैलाच्या मागून चालली नाही. आभाळ गडगडायला लागलं की घरातली सगळी माणसं आत आली का ते बघून मगच दार लावून घ्यायची. पुढे कॉलेजात तिने भौतिकशास्त्र घेतलं, तेही भीतीपोटीच, असं तिचा धाकटा भाऊ राजानंद चिडवायचा. "वीज माणसाला कशी मारती ते आधी शिकून घेतलेलं बरं, न्हाई का अक्का?" ती हसायची नाही. तिला ते खरंच बरं वाटत होतं. ज्या गोष्टीचं कारण कळतं तिची भीती थोडी कमी होते, एवढं तरी ती कॉलेजात शिकली.

लग्न होऊन ती शहागडला आली तेव्हा सासर बघून ती घाबरली. माणसं चांगली होती. नवरा आदिनाथ शांत स्वभावाचा, हायवेच्या कडेला त्याचं टायरचं दुकान. सासू साळूबाई तोंडाने फटकळ, पण भाकरी पहिली सुनेच्या ताटात टाकणारी. भीती वाटली ती घराच्या जागेची. मागच्या अंगाला गोदावरी, पुढच्या अंगाला हायवे. एकीकडे पाणी, एकीकडे चाकं. इथं लेकरू कसं वाढवायचं, हा प्रश्न तिला लेकरू व्हायच्या आधीच पडला होता.

मग शिखा झाली.

शिखा बोलायच्या वयात बोलली नाही. हाक मारली तर वळून बघायची नाही. डॉक्टरांनी स्वमग्न हा शब्द सांगितला तेव्हा आदिनाथने तो दोनदा विचारून घेतला, आणि परतीच्या गाडीत दोघंही खिडकीबाहेर बघत बसली. नंतर शिखाची एकेक रीत कळत गेली. मोठ्याने हाक मारली की ती पळते, आणि पळते ती हाकेपासून लांब. कुणी धरलं की किंचाळते. आणि तिला थरथर आवडते. पिठाच्या गिरणीला, पाण्याच्या मोटारीला, उभ्या ट्रकच्या अंगाला ती दोन्ही तळवे लावते, डोळे मिटते आणि तशीच उभी राहते. तेवढ्या वेळापुरता तिच्या चेहऱ्यावरचा ताण जातो. ती थरथर शोधायला ती घरातून निघायची. दाराला कडी घातली तर कडी काढायला शिकली. वरची कडी घातली तर स्टूल ओढायला शिकली.

दैवशालाने आधी पोरीच्या हातात घड्याळ बांधलं होतं, कुठं आहे ते फोनवर दाखवणारं. ते शिखाने दातांनी उघडलं आणि आतला गोल सेल तोंडात घातला. दैवशालाने बोट घालून तो काढला. तो गिळला असता तर घसा आतून जळाला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून घरातलं घड्याळ, खेळणी, रिमोट, सगळ्यातले सेल तिने काढून टाकले. भिंतीवरचं घड्याळ तेव्हा थांबलं ते थांबलंच.

राजानंद जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये यंत्रांची देखभाल करतो. तापलेलं लोखंड दाबणाऱ्या रुळांचे बेअरिंग झिजत आले की आधी कळावं म्हणून तिथे काडेपेटीएवढे डबे चिकटवले आहेत. भाऊबीजेला आला तेव्हा तो त्याविषयी बोलत होता.

"त्याला वायर न्हाई अक्का. सेल बी न्हाई."

दैवशालाचा पुरीचा झारा हातातच राहिला. "मंग चालतं कशावर?"

"मिल हादरती ना, त्या हादऱ्यावर. मशीन हलतंय तोवर ते जित्तं. मशीन थांबलं की ते झोपतंय."

"आत बदलायला काहीच नाही?"

"बिलकुल काही न्हाई."

तिने झारा खाली ठेवला. "राजा, असं काही चपलेत बसंल का?"

साळूबाई ओट्यावरून ओरडल्या, "पुऱ्या जळून राह्यल्या! चपलेचं मागून बघा!"

ते बसलं, पण लगेच नाही. राजानंद कितीतरी रविवार शहागडला येत राहिला. शिखाच्या चपलेच्या टाचेत त्याने पितळेच्या पातळ चकत्या घातल्या, गाणं म्हणणाऱ्या खेळण्यांत असतात तसल्या. त्यांच्यावर पांढरा थर असतो, तो दाबला की विजेचा एक थेंब पडतो. पाऊल पडलं की थेंब, पाऊल पडलं की थेंब. थेंबांनी आतलं इवलंसं भांडं भरलं की चप्पल एक संदेश सोडते आणि पुन्हा रिकामी होते. तो संदेश ऐकायला तीन डबे बसवले: एक घराच्या गच्चीवर, एक दुकानाच्या पाटीवर, एक नदीकाठच्या देवळाच्या भिंतीवर. ज्या डब्याने ऐकलं त्याचं नाव दैवशालाच्या फोनवर यायचं, टुंग असा आवाज करून. शिखा नेमकी कुठं आहे ते कळायचं नाही, कुठल्या डब्याजवळ चालते आहे तेवढं कळायचं.

"चालली तर बोलंल," राजानंद म्हणाला, "बसली तर गप्प."

दैवशालाने ते मनात घोकून ठेवलं. गप्प म्हणजे बसली. श्रावण संपला, गणपती झाले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती दुपारी आडवी व्हायला लागली. फोन उशाला. टुंग, घर. टुंग, घर. मग शांतता, म्हणजे पोरगी उंबऱ्यावर बसली असणार. तिने दोन-चार वेळा उठून बघितलं. खरंच बसलेली असायची. मग तिने उठणं सोडलं. शिखा झाल्यापासून ज्या शांततेला ती भ्यायली तीच आता तिला झोपवायला लागली.

दसरा जवळ आला होता. गावभर घरं धुणं चाललं होतं. साळूबाईंनी पेट्या-कपाटांतल्या गोधड्या काढून गच्चीवर ढीग घातला आणि स्वतः खाली पाठ टेकली. दैवशाला गच्चीवर गोधड्या बडवत होती. फोन कठड्यावर ठेवला होता. साबणाच्या हाताने त्याला शिवायचं नाही म्हणून ती फक्त कान देत होती. टुंग वाजत होतं. मध्ये थोडं जास्तच वाजलं, आणि ती मनात म्हणाली, आज बाई अंगणात लई फिरून राह्यल्या. मग आवाज थांबला. बसली, असं म्हणून तिने सगळ्यात जड गोधडी हाती घेतली, पिळली, दोरीवर टाकली, दुसरी घेतली, तीही टाकली. ऊन पाठीला बरं लागत होतं.

खाली आली तेव्हा दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

"आत्या, शिखा?"

साळूबाई उठून बसल्या. "तुझ्यापाशी न्हाई? मला वाटलं वर हाये."

दैवशालाने ओल्या हाताने फोन उचलला. शेवटचे संदेश घराचे नव्हतेच. घर, घर, मग दुकान, मग नदी, मग नदी आणि दुकान दोन्ही, आणि त्यानंतर काही नाही. शेवटचा येऊन बराच वेळ झाला होता. तेवढा वेळ ती गच्चीवर गोधड्या पिळत होती.

नदी हा एकच शब्द तिला दिसला. त्याच्या शेजारचा दुकान हा शब्द तिने वाचला, पण तो आत गेला नाही. भित्र्या माणसाचं असंच असतं, ज्याची भीती जास्त तेच आधी दिसतं. तिने आदिनाथला फोन लावला. "नदीकडं या. शिखा." त्याच्याने पुढे ऐकवलं नाही. हवा भरायला लावलेली नळी तशीच टाकून तो निघाला.

घाटावर बायकांची जत्रा भरली होती. निम्मं शहागड गोधड्या घेऊन पाण्यात उतरलं होतं. बडवल्याचा आवाज, साबणाचा फेस, लाल-निळे पट्टे पाण्यावर पसरलेले. बंधाऱ्याचं पाणी काठोकाठ होतं आणि हलत नव्हतं.

"शिखा दिसली का? आमची शिखा?"

"कोन, ती मुकी?" एक म्हातारी म्हणाली.

"आल्ती ना मघाशी," गुडघाभर पाण्यात उभी असलेली साधना म्हणाली. ती त्यांच्याच गल्लीतली. "त्या पायरीवर हुभी होती. मी हाक मारली, ए शिखा, पुढं जाऊ नको म्हनून. लई जोरात मारली बाई मी हाक."

"मग?"

"मंग मी गोधडी उलटी केली आन् बघितलं तर न्हाई. मला वाटलं घरी गेली."

हाक मारली की ती पळते. कुठं? दैवशालाने पायरी बघितली, पायरीपुढचं पाणी बघितलं. तिथून पळायला दोनच वाटा होत्या. एक मागे वर जाणारी, दुसरीत पाणी.

आदिनाथ धापा टाकत आला आणि काठावर उभा राहून ओरडायला लागला, "शिखाऽऽ! ए शिखाऽऽ!" असं ओरडू नये हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याला माहीत होतं, पण बापाचा गळा आपोआप फुटला होता. बायकांनी बडवणं थांबवलं. पैलतीरावर म्हैस हंबरली तीही ऐकू आली.

"ते काय हाये?" कुणीतरी बोट दाखवलं.

काठापासून थोडं आत पाण्याखाली काहीतरी लालसर फुगलेलं होतं, वर येऊ बघणारं आणि न येणारं. शिखाचा झगा लाल होता. तिला पुढे जायचं होतं आणि ती जाऊ शकत नव्हती. आदिनाथने कपड्यांसकट उडी घातली, हात मारत तिथवर गेला, त्याने ते धरलं आणि ओढलं. ते लांबत गेलं. लांबतच गेलं. गोधडी होती, कुणाच्या तरी हातातून सुटलेली.

कुणी हसलं नाही. साधनाने पदर तोंडाला लावला. आणखी दोन माणसं पाण्यात उतरली आणि बुड्या मारायला लागली. प्रत्येक जण वर आला की सगळा घाट त्याच्या हातांकडे बघायचा.

तेवढ्यात दैवशालाच्या मुठीतला फोन वाजला. टुंग.

तिने बघितलं. दुकान. नुसतं दुकान, नदी नाही. तिच्या तोंडातून आवाज फुटायच्या आत राजानंदचा फोन आला. साळूबाईंनी त्याला मघाशीच कळवलं होतं आणि तो मिलमधून आपल्या फोनवर तेच बघत होता.

"अक्का, आत्ता एक आला."

"बघितला. चालायला लागली ती, राजा! दुकानाकडं आहे!"

मिलची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"राजा?"

"अक्का, चालली असती तर लागोपाठ आले असते. हा एकच हाये." तो शब्द शोधत होता. "चप्पल मला दाब किती पडला ते बी कळवती. टाच मोडू नये म्हनून मी ते ठेवलंय. भांडं भरत आलेलं आसंल, थोडंच बाकी. ह्या एका दाबानं भरलं. पण हा दाब…"

"बोल."

"हा लेकराच्या पावलाचा न्हाई. मोठ्या मानसाचा बी न्हाई. काहीतरी लई जड गेलंय त्याच्यावरनं."

दैवशाला भौतिकशास्त्र शिकलेली होती. तिला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिने नवऱ्याला हाक मारली नाही, कुणाला काही सांगितलं नाही. ती वळली आणि चढाने रस्त्याकडे पळत सुटली. ज्याचं कारण कळतं त्याची भीती कमी होते, हे खोटं होतं. चप्पल चाकाखाली गेली, तेव्हा तिच्यात पाय होता की नव्हता, एवढंच तिला कळायचं बाकी होतं.

हायवेला समांतर जो छोटा रस्ता आहे, त्याच्यावर मळणी झालेलं सोयाबीन वाळत घातलं होतं. अर्धा रस्ता पिवळा झाला होता. सोयाबीन कल्याणमामांचं. म्हातारा माणूस, दुकानाच्या अलीकडे त्यांचं शेत. गाड्यांनी फार आत येऊ नये म्हणून त्यांनी कडेला दगड मांडले होते आणि ते स्वतः बाभळीखाली बसले होते. दैवशालाला आधी ते दिसले नाहीत. तिला चपला दिसल्या.

पिवळ्या ढिगाच्या कडेला, डांबर सुरू होतं तिथे, लहान चपलांचा जोड शेजारी शेजारी ठेवलेला. एक धड होती. एकीवरून चाक गेलं होतं, टाच चपटी होऊन फाटली होती आणि आतली पितळेची चकती उन्हात चमकत होती. दैवशाला गुडघ्यावर बसली. तिने ती चप्पल उचलली, आत बघितलं, उलटी केली, पुन्हा आत बघितलं. रक्त नव्हतं.

जोड कुणीतरी नीट मांडून ठेवला होता. पळताना निसटलेल्या चपला अशा शेजारी शेजारी पडत नाहीत.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. धान्यात चपला घालून जायचं नाही. हे साळूबाईंनी पोरीला शिकवलं होतं. सगळे म्हणत, ह्या पोरीला काय शिकवता? पण म्हातारीने वर्षभर रोज अंगणात मूठभर ज्वारी पसरली, स्वतःच्या चपला काढल्या, शिखाच्या काढल्या, जोड नीट ठेवला आणि तिचा पाय धान्यात ठेवला. रोज. एक दिवस शिखाने आपल्या आपण चपला काढल्या, तेव्हा साळूबाईंनी गल्लीत साखर वाटली होती. पोरीला जगातली जी एक रीत आली होती, ती हीच. आणि चपला काढल्या की चप्पल गप्प बसते, हे शिकलेल्या आईच्या आणि मिलमधल्या मामाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"कल्याणमामा! पोरगी कुठंय?"

कल्याणमामा काठी टेकत उठले. "तुझी व्हय ती? लई गुनाची पोर हाये. चपला काढून आली आत. आमचे नातू बुटासकट घुसतेत." ते सोयाबीनकडे वळले. "पायानं कसं झाक फिरवून राह्यली होती. मी म्हनलं, राहू दे, आपलंच काम व्हतंय. आत्ता हितंच होती की."

सोयाबीनमध्ये इवल्या पायांच्या रेघा होत्या. वळत, फिरत, पुढे गेलेल्या. पुढे एक ट्रक उभा होता. मागे उसाची मोळी बांधायच्या दोऱ्या लोंबत होत्या आणि इंजिन चालू होतं. हाच ट्रक चपलेवरून आत आला असणार. आदिनाथच्या दुकानात हवा भरायला म्हणून तो थांबला होता, आणि दुकानात कुणी नव्हतं, कारण आदिनाथ नदीत गोधड्या ओढत होता. इंजिनच्या थरथरीने ट्रकचा पत्रा खडखडत होता.

दैवशाला खाली वाकली. ट्रकच्या पलीकडच्या अंगाला, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या जागेत, दोन उघडे पाय दिसले. पायांना भुसा चिकटला होता. टाचा उचललेल्या होत्या. पोरीने डिझेलच्या टाकीला तळवे लावले असणार. त्या पायांच्या पलीकडे हायवे होता आणि त्यावरून गाड्या सुसाट चालल्या होत्या.

ड्रायव्हर वैतागला होता. त्याने खिडकीतून थुंकून दुकानाकडे एकदा बघितलं आणि गिअर टाकला. कर्र असा आवाज झाला.

ओरडावं तर शिखा पळणार, आणि पळणार ती हायवेवर. न ओरडावं तर चाक फिरणार. दैवशालाच्या घशाशी आलेली हाक तिने कशी गिळली ते तिचं तिला माहीत. तिला पळताना बघून मागे धावलेल्या आदिनाथचा आवाज येत होता, "शिखाऽ", चढावरून जवळ येणारा. ती कल्याणमामांना एवढंच म्हणाली, "त्यांचं तोंड दाबा," आणि सोयाबीन तुडवत पळत ट्रकच्या पुढे गेली. दोन्ही हात पसरून ती बंपरला भिडून उभी राहिली.

ब्रेकचा फुसकारा झाला. ट्रकने एक गचका खाल्ला आणि तिला छातीवर ढकलल्यासारखं वाटलं.

"ओ बाई! मरायला दुसरी गाडी भेटली न्हाई का?" ड्रायव्हरचा हात हॉर्नकडे गेला.

तिने हात जोडले. मान हलवली. बोट तोंडावर ठेवलं. मग ट्रकच्या पलीकडच्या कुशीकडे बोट दाखवलं आणि हाताने लहान लेकराची उंची दाखवली. ड्रायव्हरने वाकून बाजूच्या आरशात बघितलं. त्याला पोर दिसली. त्याचा हात चावीकडे गेला.

"बंद करू का?" तो हळूच म्हणाला.

"नको," दैवशाला म्हणाली. "बंद करू नका. चालूच ठेवा. गिअर काढा फक्त."

"चालू ठेवू?"

"ती थांबली ती त्याच्यासाठीच. बंद केलं तर पळंल."

त्याने गिअर काढला आणि पाय ब्रेकवर दाबून ठेवला. दोन्ही हात त्याने वर उचलून तिला दाखवले. पोलिसासमोर उचलावेत तसे.

मागे कल्याणमामांनी आदिनाथला अडवलं होतं. निथळत्या कपड्यांत तो उभा होता आणि म्हाताऱ्याने आपला रुमाल त्याच्या तोंडावर धरला होता. आदिनाथ तो काढत नव्हता.

दैवशाला ट्रकला वळसा घालून गेली. पळाली नाही. एवढं हळू ती आयुष्यात चालली नसेल. शिखा तिथे होती, डोळे मिटून, गाल टाकीला लावलेला, केसांत सोयाबीनची टरफलं. दोन हातांवर हायवे. एक बस वारा उडवत गेली, आणि शिखाचा झगा फडफडला, पण तिने डोळे उघडले नाहीत. दैवशालाने तिला धरलं नाही. हायवे आणि पोर यांच्या मध्ये ती शिरली, पाठ गाड्यांकडे केली, आणि आपलेही दोन्ही तळवे टाकीला लावले.

थरथर तिच्या हातांतून खांद्यात आली. टाकी गरम होती. प्रत्येक गाडीचा वारा पाठीवर आपटत होता आणि प्रत्येक वाऱ्याला तिला वाटत होतं, ही आता लागली. तरी ती हलली नाही. बऱ्याच वेळाने शिखाने एक डोळा उघडला, आईचा हात बघितला आणि आपला तळवा उचलून त्या हातावर ठेवला. हात थरथरत होता. टाकी थरथरत होती म्हणून, आणि आई थरथरत होती म्हणूनही. पोरीला त्यात फरक करायचं कारण नव्हतं. दैवशालाने तेवढ्यात दुसरा हात तिच्या कमरेभोवती टाकला, तिला उचललं आणि ट्रकच्या पुढून रस्त्याच्या आतल्या बाजूला आली. शिखा किंचाळली, तिने चावा घेतला, लाथा झाडल्या. दैवशालाने सोडलं नाही. सोयाबीनच्या ढिगात पोहोचल्यावर ती पोरीसकट खाली बसली.

"चपलांनी आलीस की गं धान्यात," कल्याणमामा म्हणाले. त्यांचे डोळे गळत होते. "राहू दे. राहू दे. बस."

ड्रायव्हर खाली उतरला होता. आदिनाथकडे बघून तो एवढंच म्हणाला, "हवा राहू द्या शेठ. पुढं बघतो." तरी निघताना त्याने गाडीच्या चारही बाजूंनी फिरून खाली वाकून बघितलं.

दुसऱ्या दिवशी राजानंद आला. फाटलेली चप्पल मांडीवर घेऊन तो ओट्यावर बसून राहिला. चहा निवला.

"मिलमध्ये डबा मशीनला चिकटवलेला असतोय," तो शेवटी म्हणाला. "मशीन काय डबा काढून बाजूला ठेवत न्हाई."

"मंग काय, धान्यात चपला घालून फिरायला शिकवायचं का तिला आता?" साळूबाई कडाडल्या. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. सकाळपासून त्यांनी शिखाचा हात सोडला नव्हता.

"न्हाई आत्या," दैवशाला म्हणाली. "ते राहू द्या. ते चांगलं शिकवलंय तुम्ही."

"पैंजणात बसवता येईल," राजानंद म्हणाला. "बारीक लोहचुंबक, तारेच्या वेटोळ्यात मागंपुढं सरकनारं. पाय हलला की वीज. ते काढायला तिला जमणार न्हाई. बसवू का?"

"बसव."

"बराबर चालंल अक्का ह्या वेळी."

"चालंल. पण त्याच्यानं मी निवांत होईन असं समजू नको. ते गप्प झालं की मी उठणार. दर वेळी उठणार."

ती झोपली नव्हती हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. तिच्या मनात चपलेपेक्षा दुसरंच काहीतरी सलत होतं. घाटावर साधनाने हाक मारली, कारण तिला माहीत नव्हतं. कल्याणमामांना ती पोर कुणाची तेसुद्धा माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, कारण दैवशालाने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. लोक येडी म्हणतील ही आणखी एक भीती तिने जपून ठेवली होती, आणि चप्पल आल्यावर तर सांगायची गरजच उरली नव्हती.

ऊन कलल्यावर तिने शिखाचा हात धरला आणि ती हायवेच्या कडेने निघाली. पंक्चरवाला, रसवंती, भाजीचा गाडा. पहिल्या दुकानापुढे ती थांबली. ती तशीच उभी राहिली, दुकानदाराने "काय पायजे वैनी?" असं दोनदा विचारेपर्यंत. मग तिने सांगितलं. पुढच्या दुकानात जरा सोपं गेलं, आणि त्याच्या पुढच्यात पुन्हा अवघड. ढाब्यावर ट्रकांची रांग लागली होती. इंजिनं चालू होती आणि शिखा हात ओढत होती. गल्ल्यावरच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं.

"हाक मारली तर काय व्हतं म्हनता?"

"पळती."

"धरलं तर?"

"तरी पळती."

"मंग आमी करायचं काय?"

दैवशालाने शिखाच्या हातावरची पकड घट्ट केली. "गाडीचं इंजिन चालू ठेवायला सांगा," ती म्हणाली, "गिअर टाकू देऊ नका. आणि मला बोलवा."

त्याने आपला फोन हातात घेतला. तिने आपला नंबर सांगितला. एक आकडा चुकला म्हणून पुन्हा सांगितला. मग ती पुढच्या दुकानाकडे वळली, पोरीला रस्त्याच्या आतल्या बाजूला घेऊन.